उंदराच्या गाठीचा एमआरआय: दोन कॉन्ट्रास्टची तुलना करायची तर

वीस किलोच्या कुत्र्याला गॅडोलिनियमच्या कॉन्ट्रास्टचा (एमआरआयच्या चित्रात फरक उठून दिसावा म्हणून टोचायचं औषध) नेहमीचा डोस द्यायचा तर बाटलीतलं ४ मिलिलिटर औषध लागतं. वीस ग्रॅमच्या उंदराला त्याच हिशेबाने ४ मायक्रोलिटर लागतं. एका थेंबाचाही तो एक अंश. या विषयातल्या निम्म्या चुका या थेंबापाशी होतात, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली.

एखादा नवा विद्यार्थी येऊन "मॅडम, हा कॉन्ट्रास्ट त्याच्यापेक्षा दुप्पट चांगला दिसतोय" असं सांगतो, तेव्हा मी आधी इंजेक्शन कसं दिलं ते विचारते. मग गाठ केवढी होती आणि भूल किती होती, तेही विचारते. दिसलेला फरक बऱ्याचदा औषधाचा नसतोच. तो नळीत अडकलेल्या थेंबाचा असतो, गाठीच्या आत मेलेल्या पेशींचा असतो, नाहीतर मशीनने परस्पर बदललेल्या सेटिंगचा. तुलना करायची म्हणजे हे सगळे फरक एकेक करून बाजूला सारायचे, आणि शेवटी उरेल तो फरक औषधाच्या नावावर लिहायचा. बायोटेक, फार्मसी किंवा पशुवैद्यकातून येऊन पहिल्यांदाच प्राण्यांच्या एमआरआयकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. भौतिकशास्त्र लागेल तेवढंच घेते.

परवानगी

भारतात प्राण्यावरचा कोणताही प्रयोग सुरू करण्याआधी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. ही समिती सीसीएसईए या केंद्रीय समितीच्या नियमांखाली काम करते (जुन्या लोकांच्या तोंडी अजून सीपीसीएसईए हेच नाव आहे), आणि त्यामागे १९६० चा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. अर्ज फॉर्म बी वर करायचा. त्यात 'एमआरआय करणार' एवढंच लिहून भागत नाही. एका उंदराला किती वेळा भूल देणार, किती मायक्रोलिटर टोचणार, गाठ केवढी झाली की प्रयोग थांबवणार, हे आकड्यांत लिहा. ही कटकट वाटते, पण फॉर्म नीट भरणाऱ्याचा अर्धा प्रयोग तिथेच आखून होतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आधी प्रश्न, मग औषध

"कोणता कॉन्ट्रास्ट चांगला?" या प्रश्नाला उत्तर नाही. कशासाठी चांगला, ते ठरवावं लागतं. गाठीची कड कुठे संपते ते पाहायचंय? तिच्या रक्तवाहिन्या किती गळक्या आहेत ते मोजायचंय? गाठीत किती रक्त खेळतंय ते हवंय, की तिच्यात मॅक्रोफेज (बाहेरचे कण गिळणाऱ्या) पेशी किती शिरल्या आहेत ते? या चार प्रश्नांना एकच औषध सारखंच उपयोगी पडत नाही.

गाठ दिसायला कॉन्ट्रास्ट मुळात लागतो का, हेही विचारून पाहण्यासारखं आहे. १९७१ मध्ये रेमंड डमाडियन यांनी रॅटमधून काढलेल्या गाठींवर मोजमाप केलं, तेव्हा गाठीतल्या पाण्याचा टी-१ (रेडिओलहरीच्या धक्क्यानंतर पाण्यातला हायड्रोजन चुंबकाच्या दिशेने पुन्हा रांगेत यायला लागणारा वेळ) निरोगी ऊतीपेक्षा लांब निघाला. एमआरआयच्या इतिहासाची सुरुवात अशी प्राण्यांच्या गाठीपासून झाली आहे. त्या वेळी वाटलं होतं की नुसता टी-१ मोजला की कर्करोग ओळखता येईल. तसं झालं नाही, कारण गाठीचे आणि सुजेचे आकडे एकमेकांत मिसळतात. मग बाहेरून काहीतरी देऊन फरक वाढवण्याचा विचार आला. १९७८ मध्ये लॉटरबर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना मँगनीज देऊन पाण्याचा टी-१ कमी होतो हे दाखवलं, आणि १९८८ मध्ये गॅडोलिनियमचं पहिलं औषध अमेरिकेत मान्य झालं. आजही नुसत्या टी-२ (सिग्नल विरायला लागणारा वेळ) चित्रात उंदराच्या स्तनातली गाठ स्वच्छ दिसते. तुमचा प्रश्न फक्त गाठीच्या आकाराचा असेल, तर कॉन्ट्रास्ट देऊच नका. उंदराच्या अंगातली एक सुई वाचेल.

हाताशी असलेली औषधं

गॅडोलिनियमच्या आयनात ७ एकटे इलेक्ट्रॉन असतात. त्यामुळे तो शेजारच्या पाण्याच्या रेणूंचा टी-१ झपाट्याने कमी करतो, आणि टी-१ चित्रात ती जागा उजळते. पण सुटा आयन विषारी आहे. आकाराने तो कॅल्शियमच्या आयनाजवळ जातो आणि कॅल्शियमच्या वाटा अडवतो. म्हणून त्याला सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यात बंद करून देतात. पिंजरे दोन तऱ्हेचे. गॅडोपेंटेटेट, गॅडोडायमाइड हे रेषीय, म्हणजे एका बाजूने उघडे. गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरिडॉल हे वर्तुळाकार, चहूबाजूंनी बंद. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांची कातडी आणि आतले अवयव कडक करणाऱ्या एका आजाराशी २००६ मध्ये रेषीय औषधांचा संबंध जोडला गेला. वारंवार कॉन्ट्रास्ट दिलेल्या रुग्णांच्या मेंदूत गॅडोलिनियम साठल्याच्या खुणा २०१४ मध्ये जपानमधल्या अभ्यासात दिसल्या. २०१७ मध्ये युरोपीय औषध संस्थेने काही रेषीय औषधं शिरेतून देणं स्थगित केलं. तुमचा उंदीर महिनाभरच जगणार असला तरी हा मुद्दा लागू आहे. एकाच उंदराला चार वेळा औषध देणार असाल तर पिंजरा पक्का हवा, नाहीतर साठलेलं गॅडोलिनियम पुढच्या मोजणीत मिसळतं.

ही सगळी लहान रेणूंची औषधं. ती रक्तातून पटकन बाहेर झिरपतात आणि मूत्रपिंडावाटे निघून जातात. उंदरात हा सगळा खेळ माणसापेक्षा खूप जलद होतो. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेला गॅडोपिक्लेनॉल याच वर्गातला, पण त्यात एका वेळी पाण्याचे दोन रेणू गॅडोलिनियमला भिडतात (बाकीच्यांत एकच), म्हणून त्याचा मान्य डोस निम्मा आहे: किलोला ०.०५ मिलिमोल.

आता प्राण्यांत काम करणाऱ्याने कायम लक्षात ठेवावी अशी गोष्ट. गॅडोफॉसव्हेसेट नावाचं एक औषध रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून राहतं, आणि त्या चिकटण्यामुळेच त्याची ताकद वाढते. माणसाच्या अल्ब्युमिनला ते जितकं घट्ट चिकटतं, तितकं उंदीर आणि रॅटच्या अल्ब्युमिनला चिकटत नाही. शिवाय अशा औषधाचा फायदा कमी टेस्लाच्या चुंबकात मोठा असतो आणि ७ टेस्लावर बराचसा विरून जातो. म्हणजे माणसाच्या आकड्यांवर भरवसा ठेवून उंदरात तुलना केलीत तर निकाल चुकेल, आणि तो का चुकला तेही कळणार नाही.

लोह ऑक्साईडचे नॅनोकण हा वेगळाच प्रकार. फेरुमॉक्सिटॉल २००९ मध्ये अमेरिकेत मान्य झालं ते मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या ॲनिमियासाठी. एमआरआयवाल्यांनी ते कॉन्ट्रास्ट म्हणून उचललं. २०१५ मध्ये त्यावर तीव्र ॲलर्जीचा ठळक इशारा छापावा लागला. हे कण टी-२ आणि टी-२ स्टार (चुंबकीय क्षेत्रातल्या बारीक बिघाडांमुळे आणखी आखूड झालेला टी-२) कमी करतात, म्हणजे चित्रात जागा काळी होते. सुरुवातीला ते रक्तातच फिरत राहतात, म्हणून पहिल्या काही मिनिटांत रक्ताचं प्रमाण मोजता येतं. दुसऱ्या दिवसापर्यंत मॅक्रोफेज पेशी ते गिळतात, तेव्हा तेच कण दाहाची खूण होतात. एकच औषध, पण वेळ बदलली की उत्तर देतं ते वेगळ्या प्रश्नाचं.

मोठे कण गाठीत साठतात यामागचं तत्त्व मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडलं: गाठीच्या वाहिन्या गळक्या, आणि निचरा करणाऱ्या लसिकावाहिन्या अपुऱ्या. उंदरात झपाट्याने वाढवलेल्या गाठीत हा परिणाम जोरदार दिसतो, माणसात तो एका गाठीतून दुसऱ्या गाठीत फार बदलतो. आपल्या नॅनोकणाचं कौतुक लिहिताना हे विसरू नये.

मँगनीज, आणि साखर किंवा आयोडीनयुक्त रेणूंवर चालणाऱ्या सेस्ट पद्धती (रेणूतल्या आणि पाण्यातल्या हायड्रोजनची अदलाबदल टिपणाऱ्या), यांच्या वाटेला पहिल्याच वर्षी जाऊ नका. मँगनीज क्लोराईडने उंदराचं हृदय मंदावतं. सेस्टला तर चुंबकाचं क्षेत्र सगळीकडे अगदी काटेकोर एकसारखं लागतं.

माझं मत विचाराल तर पहिला तुलनेचा मानदंड म्हणून एखादं साधं वर्तुळाकार गॅडोलिनियम औषध घ्या. त्याच्यावर जगभरचे आकडे आहेत. तुमचे आकडे त्यांच्याशी जुळले की मगच नवं औषध हातात घ्या.

उंदराआधी नळ्या

प्रत्येक औषधाची ताकद, म्हणजे रिलॅक्सिव्हिटी, आपल्या चुंबकावर आपण स्वतः मोजायची. कंपनीच्या पत्रकातला आकडा बहुधा १.५ टेस्लाचा असतो, आणि तुमचं मशीन ७ किंवा ९.४ टेस्लाचं असेल. चुंबक वाढलं की आर-१ (टी-१ कमी करण्याची ताकद) घसरतो. लोहकणांचा आर-२ (टी-२ कमी करण्याची ताकद) मात्र तगडाच राहतो.

पाच बारीक नळ्या घ्या: ०, ०.१, ०.२५, ०.५ आणि १ मिलिमोलर. एक संच पाण्यात, एक उंदराच्या प्लाझ्मात. नळ्या ३७ अंशांवर आणा, कारण खोलीच्या तापमानाला मिळालेला आकडा उंदराच्या अंगात लागू होत नाही. बुडबुडा राहू देऊ नका, त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि टी-२ स्टार खोटा येतो. मग टी-१ मोजा, एकला त्याने भागा (हा झाला दर), आणि सांद्रतेसमोर मांडा. सरळ रेष यायला हवी, तिचा चढ म्हणजे आर-१. पडताळ्यासाठी: नुसत्या पाण्याचा टी-१ ३७ अंशांवर साधारण ४ सेकंद, म्हणजे दर ०.२५. आर-१ चार असेल तर ०.५ मिलिमोलरला दर २.२५ होतो, टी-१ सुमारे ४४० मिलिसेकंद. तुमचा आकडा याच्या आसपासही नसेल तर पातळ करताना गफलत झाली आहे. रेष वाकडी आली तर वरच्या सांद्रतेला टी-२ सिग्नल खातोय.

लोहकणांच्या बाबतीत बाटलीवरच्या लोहाच्या आकड्यावर विसंबू नका, विशेषतः कण तुमच्याच प्रयोगशाळेत बनवले असतील तर. लोह वेगळं मोजून घ्या.

गाठ

उदाहरणासाठी ४टी१ घेऊ. ही बाल्ब-सी जातीच्या उंदराच्या स्तनग्रंथीतून आलेली पेशीमालिका. ती त्याच जातीच्या मादीच्या स्तनाच्या चरबीत टोचली की दोन-तीन आठवड्यांत गाठ धरते, फुफ्फुसात पसरते आणि तिच्यात मॅक्रोफेज भरपूर असतात. त्यामुळे गॅडोलिनियम आणि लोहकण दोन्हींना बोलायला तिच्यात काहीतरी असतं.

गाठ मोठी झाली की मध्यभागी पेशी मरतात. तिथे रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही, आणि चित्रात नुसती उजळ कडा दिसते. एका गटाच्या गाठी २०० घन मिलिमीटरच्या आणि दुसऱ्याच्या ६०० च्या असतील, तर तुम्ही औषधांची नाही, वयाची तुलना करताय. स्कॅनचा दिवस तारखेवर ठरवू नका, आकारावर ठरवा.

सगळ्यात चांगली तुलना एकाच उंदरात होते: आज एक औषध, उद्या दुसरं, आणि अर्ध्या उंदरांत क्रम उलटा. दोन लहान गॅडोलिनियम औषधांसाठी हे सहज जमतं, कारण दुसऱ्या दिवशीपर्यंत पहिलं निघून गेलेलं असतं. त्याची खात्री दुसऱ्या दिवशीच्या इंजेक्शनआधीच्या टी-१ नकाशावर (चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा मोजलेला टी-१) करायची. लोहकण मात्र एका दिवसात जात नाहीत, ते यकृतात आणि प्लीहेत ठाण मांडून बसतात. म्हणून गॅडोलिनियम आधी आणि लोह नंतर, हाच क्रम चालतो. पण मग दुसऱ्या दिवशी गाठ वाढलेली असते. त्यासाठी एक छोटा गट असा ठेवा की ज्याला दोन्ही दिवशी गॅडोलिनियमच मिळेल. तो गट तुम्हाला सांगेल की एका दिवसाच्या वाढीने किती फरक पडतो.

आणि याहीआधी तीन-चार उंदरांना तेच औषध, त्याच डोसात, लागोपाठ दोन दिवस देऊन पाहा. दोन दिवसांच्या आकड्यांत २० टक्के फरक येत असेल, तर दोन औषधांमधल्या १० टक्क्यांच्या फरकावर लेख लिहिता येत नाही. हे तीन-चार उंदीर वाया गेले असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पुढचे तीस वाया जाणं त्यांच्यामुळे वाचतं, आणि किती उंदीर लागतील हा हिशेबही त्यांच्याच आकड्यांवरून मांडता येतो.

थेंब

पंचवीस ग्रॅमचा उंदीर. डोस किलोला ०.१ मिलिमोल, म्हणजे त्याला २.५ मायक्रोमोल. बाटलीत ०.५ मोलर औषध असतं, तेव्हा लागलं ५ मायक्रोलिटर. एवढं कुठल्याही सिरिंजने खात्रीने देता येत नाही, म्हणून ते सलाईनमध्ये वीसपट पातळ करून १०० मायक्रोलिटर द्यायचं. झटक्यात द्यायच्या इंजेक्शनची मर्यादा किलोला ५ मिलिलिटर धरतात, म्हणजे या उंदराला १२५. आपण आत बसतो. पातळ करण्याचा आणखी एक फायदा: मूळ गॅडोपेंटेटेटची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची दाटी) १९६० आहे, रक्ताची ३०० च्या आसपास. सलाईनने हा दणका बराच सौम्य होतो. गॅडोब्युट्रॉल बाटलीत १ मोलर असतं, इतरांच्या दुप्पट. सवयीने तेवढंच पातळ केलंत की डोस दुप्पट गेला. बाटली उचलली की आधी लेबल मोठ्याने वाचा.

आता नळी. उंदीर चुंबकाच्या बोगद्यात, तुम्ही बाहेर. मध्ये पीई-१० ची बारीक नळी, आतला व्यास ०.२८ मिलिमीटर. ही नळी मीटरला सुमारे ६२ मायक्रोलिटर पोटात ठेवते. दीड मीटर नळी म्हणजे ९२. नळी सलाईनने भरलेली असेल आणि तुम्ही मागून १०० मायक्रोलिटर औषध ढकललंत, तर उंदराच्या शिरेत गेलं ९२ सलाईन आणि फक्त ८ औषध. बाकीचं नळीतच उभं.

मी शिकत होते त्या प्रयोगशाळेत नेमकं हेच झालं. जुनं औषध एकाने उंदीर आत सरकवण्याआधी आखूड नळीने टोचलं होतं, नवं औषध मी लांब नळीने बाहेरून देत होते. नवं औषध फिकं दिसलं. आम्ही दोन महिने त्याच्या रसायनात दोष शोधत राहिलो. शेवटी एके दिवशी स्कॅन झाल्यावर मी नळी टिश्यूपेपरवर रिकामी केली आणि सगळं औषध तिथे सांडलेलं पाहिलं. सहा उंदीर गेले होते. त्यांची आठवण अजून सुटत नाही, म्हणून हा परिच्छेद लांबवते आहे.

उपाय सोपा आहे. नळी आधी औषधानेच भरून घ्या. फक्त सुईच्या टोकाशी मोजून १० मायक्रोलिटर हेपरिन घातलेलं सलाईन ठेवा, म्हणजे शीर उघडी राहील आणि औषध आधीच झिरपणार नाही. मग पंपाने ११० ढकललं की बरोबर १०० औषध आत जातं. पंपाचा वेग दोन्ही औषधांसाठी एकच. सिरिंजचं आधी आणि नंतर वजन करा, तेवढ्याने पंप अडला होता का ते कळतं. हवेचा बुडबुडा नळीत दिसला तर सगळं काढून पुन्हा भरा.

शेपटीची शीर सापडायला शेपूट कोमट पाण्यात मिनिटभर धरा. दोन्ही बाजूंच्या शिरा फुगतात. सुई टोकाकडून सुरू करा, चुकली तर वर सरकायला जागा राहते. शीर चुकली आणि औषध शेपटीच्या मांसात गेलं, तर गाठ हळूहळू आणि कमी उजळते, आणि हुबेहूब 'कमजोर कॉन्ट्रास्ट'सारखं दिसतं. हे ओळखायला प्रत्येक स्कॅनमध्ये एक तरी काप मूत्रपिंडातून जाऊ द्या. पहिल्या मिनिटात मूत्रपिंडाची बाहेरची साल उजळली नाही, तर ते इंजेक्शन बाद. हा नियम प्रयोग सुरू होण्याआधी वहीत लिहा, निकाल पाहून नाही.

स्कॅन

उंदराच्या कानात धातूचा बिल्ला असेल तर तो आधी काढा. ओळखीसाठी टॅटू किंवा कानाला खाच पुरते. भूल आयसोफ्लुरेनची: सुरुवातीला २ ते ३ टक्के, नंतर १ ते १.५. श्वास मिनिटाला ४० ते ८० च्या दरम्यान, शरीर ३७ अंशांवर. डोळ्यांना मलम लावा, ते उघडेच राहतात. भूल खोल गेली की रक्तप्रवाह बदलतो आणि गळकेपणाचा आकडाही बदलतो. म्हणून भूल सुरू झाल्यापासून इंजेक्शनपर्यंतचा वेळ सगळ्या उंदरांत सारखा ठेवा. मी वहीत त्याचा वेगळा रकाना ठेवते.

चित्रांचा क्रम असा ठेवा: आधी टी-२ वर गाठीची रचना, मग टी-१ नकाशा, लोह देणार असाल तर टी-२ स्टार नकाशा, मग जलद टी-१ चित्रांची मालिका. मालिकेत पहिलं मिनिट काहीच टोचायचं नाही. हे आधारचित्र नसेल तर पुढचं काहीच मोजता येत नाही. मग इंजेक्शन, आणि पुढे १५ ते २० मिनिटं. इको टाइम (धक्का दिल्यापासून सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) २ मिलिसेकंदांच्या खाली ठेवा, नाहीतर औषध एकवटलेल्या जागी टी-२ स्टारमुळे सिग्नल पडतो आणि जास्त औषध कमी दिसतं. लोहासाठी इंजेक्शननंतर लगेच आणि २४ तासांनी पुन्हा टी-२ स्टार नकाशा.

एक बटण मात्र नेमकं दाखवते. प्रत्येक स्कॅनआधी मशीन रिसीव्हर गेन (आलेला सिग्नल किती पट वाढवून घ्यायचा ते) आपोआप जुळवायला पाहतं. कॉन्ट्रास्टनंतर सिग्नल वाढला की मशीन गेन खाली आणतं, आणि तुमची वाढ गिळून टाकतं. आधीच्या आणि नंतरच्या स्कॅनमध्ये गेन हाताने एकच ठेवा आणि आपोआप जुळवणी बंद करा. शिवाय उंदराच्या शेजारी ठरलेल्या टी-१ चं द्रव भरलेली एक नळी ठेवा. तिचा उजेड दोन स्कॅनमध्ये बदलला, तर बदललंय मशीन.

मोजणी

गाठीची हद्द टी-२ चित्रावर, इंजेक्शनआधीच्या, अशा माणसाने आखावी की ज्याला कुठला उंदीर कुठल्या औषधाचा ते माहीत नाही. पूर्ण गाठ घ्या. सगळ्यात उजळ कोपरा निवडून त्यावर गोल काढणं हा मोह फार जणांना होतो. त्याने प्रत्येक औषध चांगलंच दिसतं.

'सिग्नल ८० टक्के वाढला' या भाषेत तुलना करू नका. सिग्नल आणि औषधाचं प्रमाण यांचं नातं सरळ नाही, ते सेटिंगवर अवलंबून बदलतं. टी-१ नकाशावरून दरातला फरक काढा, तो रिलॅक्सिव्हिटीने भागा, म्हणजे ऊतीत किती मिलिमोलर औषध आहे ते मिळतं. नळ्यांवर घालवलेला दिवस इथे कामी येतो. दोन औषधांची ताकद वेगळी असताना गाठीत पोचलेलं प्रमाण सारखंही असू शकतं, आणि मग फरक गाठीचा नसून पिंजऱ्याचा आहे हे स्वच्छ दिसतं.

गळकेपणासाठी टोफ्ट्सच्या मॉडेलमधला के-ट्रान्स (औषध रक्तातून ऊतीत किती वेगाने जातं तो आकडा) काढतात. १९९९ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र बसून चिन्हं आणि नावं एकसारखी केली, तेव्हापासून हाच शब्द चालतो. त्यासाठी रक्तात औषध कसं चढलं-उतरलं ते माहीत लागतं, आणि उंदराच्या बारीक रोहिणीत ते मोजणं अवघड. काही जण ठरावीक सरासरी वक्र वापरतात. एकाच औषधासाठी ते चालेल. पण दोन वेगळ्या आकाराच्या औषधांसाठी एकच रक्तवक्र वापरला, तर तुलनेचा पायाच चुकतो. खात्री नसेल तर पहिल्या ६० किंवा ९० सेकंदांतलं वक्राखालचं क्षेत्रफळ द्या. ते साधं आहे, पण प्रामाणिक आहे.

डोस समान म्हणजे काय, हेही स्पष्ट लिहा. मोलला मोल देणार, की प्रत्येकाचा मान्य डोस देणार? गॅडोपिक्लेनॉल मोलला मोल दिलं तर ते उजळ दिसणारच. निम्म्या डोसात ते जुन्याच्या बरोबरीला येतं का, हा खरा उपयोगाचा प्रश्न. मी दोन्ही गट ठेवते.

आणि गॅडोलिनियमचा उजळपणा आणि लोहाचा काळेपणा एकाच तक्त्यात शेजारी मांडून कोण जिंकलं ते विचारू नका. एकाने वाहिन्यांबद्दल सांगितलं, दुसऱ्याने पेशींबद्दल.

काचपट्टी

शेवटच्या स्कॅननंतर गाठ काढताना तिच्या एका बाजूला शाई लावा, म्हणजे काप एमआरआयच्या दिशेनेच घेता येतो. कापावर वाहिन्या ओळखायला सीडी-३१ चं आणि मॅक्रोफेज ओळखायला एफ-४/८० चं प्रतिपिंड वापरा, लोहासाठी पर्ल्सचा निळा रंग. पण गाठीत आपलं आपण रक्त सांडतं, आणि त्या रक्तातलं लोहही निळंच होतं. म्हणून नुसतं सलाईन दिलेल्या दोन-तीन उंदरांच्या गाठीही त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या रंगाने रंगवा. तिथला निळा तुमचा नाही. उरलेला तुमचा.

वहीत बाद केलेले उंदीरही लिहा, कारणासकट. प्राण्यांवरचे प्रयोग लेखात कसे मांडावेत हे सांगणारी अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वं, २०२० मध्ये सुधारलेली, हेच मागतात, आणि तुमच्यानंतर त्या टेबलावर बसणाऱ्याला याच ओळींचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

ज्या उंदरांना उद्या पुन्हा स्कॅन आहे, त्यांना भूल बंद करून थेट पिंजऱ्यात टाकू नका. शेपटीतली सुई काढून कापसाने मिनिटभर दाबून धरा. मग गरम पॅडवर ठेवलेल्या वेगळ्या पिंजऱ्यात एकटं ठेवा, जवळ भिजवलेलं खाणं ठेवा. उंदीर पोटावर वळतो, डोकं उचलतो, मग चार पावलं नीट चालतो. तोवर तिथेच थांबा. मग वेळ लिहा आणि पुढचा उंदीर घ्या.